किसनभाऊंचा जहाजी रेडिओ

किसनभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी कळंबला दुकान उघडत होतो. शटर अर्धं वर, अर्धं खाली सोडून तसाच त्यांच्या गावी, शिनोलीला पळालो... त्याला आता दीड महिना होईल. त्यांच्यावर लिहायला बसलो की हात आखडतो, कारण दुःखापेक्षा मला लाजच जास्त वाटते आहे.

नव्वदच्या दशकात घरोघर टीव्ही आले आणि लोकांनी व्हॉल्व्हचे जुने रेडिओ माळ्यावर टाकले. किसनभाऊ ते मागून आणायचे, पेठपासून पार जुन्नरपर्यंत. शेती सांभाळून ते रेडिओ दुरुस्त करून बोलते करायचे. "भाऊ, रेडिओंची धर्मशाळा काढली का?" मी चिडवायचो. पुढे त्यांनी मुंबईच्या भंगारातून जहाजावरचा एक अवजड रेडिओ आणला. पोहता न येणारा माणूस हा! त्या रेडिओपायी कित्येक वर्षं घातली तेव्हा कुठे तो बोलायला लागला, तोही एका अटीवर. विहिरींवरच्या मोटारी सुरू झाल्या, व्होल्टेज पडलं, घरातला बल्ब पिवळा झाला की मगच भाऊ बटण दाबायचे. सारा गाव कमी व्होल्टेजला शिव्या घालायचा आणि हे खूश. "म्हातारं हाय राव, पुरा करंट सोसायचा न्हाई त्याला." मग वहिनींना हाक, "अगं, ये की ऐकायला!" वहिनी चुलीपुढून म्हणायच्या, "उद्या ऐकते." ते राहूनच गेलं...

दशक्रिया आटोपून आम्ही नदीवरून घरी आलो, तेव्हा वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, एकदा लावून दावा. मी कवाच ऐकला न्हाई." घर पाहुण्यांनी भरलेलं. माझ्या अंगात फुशारकी शिरली. इतकी वर्षं शेजारी बसून बघितलंय, मला काय येत नाही? दाबलं बटण. वरचा बल्ब पांढराफेक जळत होता, तो मला दिसतही होता. भाऊंना मान म्हणून त्या दिवशी गावाने शिवारातली एकही मोटार चालू केली नव्हती. आत फट्‌दिशी आवाज झाला आणि जाळीतून धूर यायला लागला. एक शब्दही ऐकू आला नाही.

मला मान वर करवेना. कुणीतरी धूर जावा म्हणून खिडकी उघडली. वहिनी रेडिओजवळ आल्या. चार माणसांत त्यांनी मला झापलं असतं तर बरं झालं असतं. पण त्या डोळे मिटून तिथेच उभ्या राहिल्या.

"खिडकी लावा, भाऊजी," त्या म्हणाल्या. "ह्यांच्या सदऱ्याला ह्योच वास यायचा."

मी उठून खिडकी लावली.