सरांची पावडर

लग्नाच्या मांडवात सॉसची बाटली दिसली की सर ती उलटी धरायचे. सॉस जागचा हलायचा नाही. मग बाटलीला एक हिसका, की तो बदाबदा बाहेर. बशीत पडला की पुन्हा गप्प. "हलवलं की पळतो, ठेवलं की बसतो. आमच्या झँथनची शिस्त!" सर शेजारच्याला सांगायचे. तोवर शेजारच्याचे कटलेट गार झालेले असायचे.

वसईतल्या एका सॉसच्या कारखान्यात सर प्रयोगशाळेचे प्रमुख आणि मी त्यांच्या हाताखाली. झँथन गम ही पांढुरकी पावडर. चिमूटभर घातली तरी पाणचट सॉसला अंग येते. आंबट, खारट, उकळते, तिला कशाचेच वावडे नाही. टूथपेस्टमध्येसुद्धा ती असते. एवढ्यावर सर थांबले असते तर बरे. पण "कोबीची पानं काळी पाडणारा जिवाणू असतो ना, तो साखर खातो आणि अंगाभोवती बुळबुळीत थर करतो. तोच वाळवला की ही पावडर," हे सांगितल्याशिवाय त्यांना जेवण जात नसे. ऐकणाऱ्याला मात्र ते ऐकल्यावर जात नसे.

"आधी कोरड्या साखरेत मिसळ, मग पाण्यात सोड. घाई केलीस की गाठी!" हे मी त्यांच्याकडून रोज ऐकले. आणि घाई केली ती त्यांनीच, तीही नंदाखालला, स्वतःच्या मुलीच्या लग्नात. इंद्यालचा, म्हणजे डुकराच्या आंबट-तिखट मटणाचा, रस्सा पातळ झाला, पाहुणे पानावर बसलेले, आचारी डोक्याला हात लावून. सरांनी खिशातली पुडी काढली आणि थेट पातेल्यात उपडी केली. रस्सा पातळ तो पातळच राहिला, वर बेडकाच्या अंड्यांसारखे गोळे तरंगू लागले. व्याह्यांच्या भावाने ते आवडीने खाल्ले आणि आणखी मागितले.

सरांच्या बायकोला आम्ही मावशी म्हणायचो. त्या म्हणाल्या, "ही पावडर परत माझ्या चुलीजवळ दिसली, तर तुम्हालाच पातेल्यात घालीन."

सर निवृत्त झाले आणि थोड्याच दिवसांत मावशींना अर्धांगाचा झटका आला. गिळणे अवघड झाले. पातळ काही दिले तर श्वासनलिकेत जाईल, पाणीसुद्धा घट्ट करून द्या, आणि तेही पोटात गेले नाही तर नाकातून नळी घालावी लागेल, असे डॉक्टरांनी बजावले. घट्ट करायची भुकटी आणायला आम्ही दोघे माणिकपूरला औषधांच्या दुकानात गेलो. सरांनी डब्यावरचे बारीक अक्षर वाचले आणि भर दुकानात ओरडले, "अरे, हा तर आपलाच झँथन!" मला हसू आले.

मावशींनी पहिलाच चमचा थुंकून टाकला. "खळ आहे ही," जड जिभेने त्या म्हणाल्या. "घाला नळी. मी नाही पिणार."

दुसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा सर दोन कपांत भुकटी ढवळत होते. मावशींसमोर बसून त्यांनी आपल्या कपातला चहा चमच्याने तोंडात घेतला. चेहरा असा झाला की मी दुसरीकडे पाहिले.

"कसाय?" मावशींनी विचारले.

"भयंकर."

"मग खाताय कशाला?"

"तू प्यायला लागलीस की सोडतो."

मावशी वाकड्या तोंडाने हसल्या, आणि त्यांनी तोंड उघडले. नळी कधीच लागली नाही. सरांनी मात्र सोडले नाही. रोज दोन्ही वेळचा चहा दोघांचा सारखाच.

मागच्या वर्षी मावशी गेल्या. परवा सरांकडे गेलो. त्यांनी मला साधा चहा दिला आणि स्वतःच्या कपात भुकटी घालून ढवळत बसले. मी बघतोय हे त्यांच्या लक्षात आले.

"पातळ चहा आता एकट्याचा वाटतो रे," ते म्हणाले.