पाणी आलं की सांग : पाहुण्यांशिवाय दौलताबाद

आमच्या संभाजीनगरात कुणी आपण होऊन दौलताबादला जात नाही. पाहुणे आले की जायचं. त्यांना वेरूळ दाखवायचं, मकबरा दाखवायचा, वेळ उरला तर पाणचक्की आणि पायांत जीव उरला असेल तर किल्ला. त्यामुळे दुसरी लाट ओसरल्यानंतरच्या हिवाळ्यात, एका शनिवारी, अण्णा वरणभात कालवता कालवता म्हणाले, "उद्या दौलताबाद करू," तेव्हा आईनं पहिला प्रश्न विचारला तो हाच.

"कोण येणारंय?"

"कोणी नाय."

"मग कशाला?"

"जायचंय म्हणून."

अण्णा म्हणजे माझे वडील. एकदा 'म्हणून' म्हणाले की विषय संपला. आईनं धपाट्यांसाठी पीठ काढलं आणि मंगेश, माझा धाकटा भाऊ, गाडीत हवा आहे का बघायला खाली गेला. कारण आम्हाला तिघांनाही कळलं होतं. दर वर्षी नाताळच्या सुटीत नानाकाका पुण्याहून यायचे आणि दोघं भाऊ किल्ला चढायचे. अण्णा थोरले, नानाकाका चार वर्षांनी धाकटे. त्या वर्षी एप्रिलमध्ये नानाकाका कोविडनं गेले. तेव्हापासून सुनंदाकाकूंचा एकही फोन अण्णांनी घेतला नव्हता. नाव बघायचे आणि मोबाइल पालथा ठेवायचे. आई त्यांच्याशी भांडली, रडली, उपयोग शून्य. आईला कारण ठाऊक नव्हतं. मला होतं.

आधी रस्त्याचं सांगते, जाणारे वाचतायत म्हणून. शहरातून नगर नाक्यावरून पडेगाव, मिटमिटा, शरणापूर फाटा आणि दौलताबाद. रविवारी सकाळी आठच्या आत निघालात तर अर्धा-पाऊण तास, दहानंतर निघालात तर देव तुमचं भलं करो, कारण किल्ल्यापुढच्या दरवाजातून एका वेळी एकच मोठी गाडी जाते आणि दोन्हीकडचे ड्रायव्हर एकमेकांच्या खानदानाची चौकशी करत बसतात. पूर्वी आम्ही लाल एसटीनं जायचो, मध्यवर्ती स्टँडवरून, खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायचो. कोविडमध्ये मंगेशनं जुनी गाडी घेतली. बसमध्ये अनोळखी माणसाच्या मांडीला मांडी लावून बसणारे अण्णा आता स्वतःच्या गाडीतसुद्धा बसण्याआधी दाराची कडी सॅनिटायझरनं पुसतात. टपरीवरच्या चहासाठी जीव टाकणारा हा माणूस, आणि आता थर्मास, घरचे पेले, घरची धपाटी, घरचा ठेचा. शरणापूर फाट्यावर मंगेश म्हणाला, "अण्णा, एक कट चहा मारू?" तर अण्णांनी नुसती मान हलवली.

पडेगावच्या पुढं पूर्वी ज्वारी दिसायची. आता प्लॉटिंगच्या पाट्या आणि सात-सात मजले. मी मागं ओवीला, माझ्या आठ महिन्यांच्या लेकीला, मांडीवर घेऊन बसले होते आणि त्या मजल्यांवरच्या काळ्या टाक्या मोजत होते. टाक्या बघितल्या की मला मार्चमधली ती सकाळ आठवते.

बाहेरगावच्यांना आमची एक रीत सांगायला हवी. आमच्याकडं येणारा पाहुणा गाडीची वेळ नंतर सांगतो, आधी विचारतो, "पाणी कधीये तुमचं?" नळाला आठवड्यातून एकदा पाणी. शहर चहूकडं वाढलं, पाणी काही वाढलं नाही. मग पाणी आलं की पाहुण्यानं यायचं, म्हणजे घरातल्यांना जड जात नाही. यात कुणी अपमान मानत नाही. नानाकाका तर त्याचीही मजा करायचे. मोठ्या दुष्काळाच्या वर्षी, आम्ही टँकरमागं बादल्या घेऊन पळायचो तेव्हा, ते एसटीतून वीस लिटरचा निळा कॅन घेऊन उतरले होते. कंडक्टरनं कॅनचं तिकीट लावलं म्हणून शिरूरपासून भांडत आलेले. "अण्णा, तुझं घोटभर पिणार नाय, माझं मी आणलंय!" आई फणकारली, अण्णा पोट धरून हसले. तो कॅन अजून आमच्या गच्चीत आहे.

तर मार्च. मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले होते, आठवा महिना. नानाकाकांचा फोन आला. त्यांच्या इमारतीत मजल्यामजल्यावर पेशंट, मुलगा परदेशात, दोघंच म्हातारे. "आठ-पंधरा दिवस तिकडं येऊ का?" माझ्या पोटाकडं अण्णांची नजर गेली ती मी पाहिली. खाली मोटर घरघरत होती, आई ड्रम भरत होती, गच्चीवरची टाकी भरून पाइपातून ओघळ लागला होता. आणि अण्णा म्हणाले, "नाना, आत्ता नको रे. पाणीच नाय. लई हाल चाललेत."

"बरं बरं," नानाकाका म्हणाले. "पाणी आलं की सांग."

तीन आठवड्यांनी ते गेले. काकूही दवाखान्यात होत्या, त्या वाचल्या. आम्ही कुणी जाऊ शकलो नाही. मोबाइलवर पाहिलं, प्लास्टिकमधले चार जण आणि दुरून स्मशानाचा हिरवा पत्रा. अण्णा खुर्चीत ताठ बसले होते. नंतर उठून त्यांनी आंघोळ केली, फक्त एक तांब्या घेतला.

किल्ल्याचं तिकीट पंचवीस रुपये, दारावरचा कोड स्कॅन करून काढलं तर थोडं स्वस्त. तेव्हा लसीचं सर्टिफिकेटही बघत होते. अण्णांनी ते लॅमिनेट करून आणलं होतं. रखवालदार खूश झाला. "काका, असं पाहिजे. लोक मोबाइलात शोधत बसतेत अन् लाइन खोळंबते." बाहेर पेरू घ्या, तिखट-मीठ लावून देतात. आम्ही घेतले, पण आईनं ते घरी धुऊन खायचे म्हणून पिशवीत टाकले. धन्य आहे.

आत गेलं की डाव्या हाताला हत्ती हौद. एवढा मोठा की हत्ती बुडेल म्हणून हत्ती हौद, असं अण्णा सांगतात. इथं त्यांचं ठरलेलं भाषण असतं. दिल्लीच्या बादशहानं सगळी राजधानी उचलून इथं आणली, माणसं चालत आणली, आणि लोक सांगतात की पाण्यावाचून परत न्यायची पाळी आली. मग कंबरेवर हात ठेवून शेवटचं वाक्य, "पाणी नाय म्हणून दिल्लीचा बादशहा वापस गेला, पाहुण्यांनो, तुम्ही किस झाड की पत्ती!" त्यावर नानाकाकांनी म्हणायचं, "म्हणूनच मी विचारून येतो!" वीस वर्षं हेच वाक्य, हेच उत्तर आणि दोघांना प्रत्येक वेळी नव्यानं हसू.

त्या दिवशी अण्णा हौदाकडं न बघता पुढं गेले.

आई ओवीला घेऊन भारतमातेच्या देवळाजवळ सावलीत बसली. तिचे गुडघे वर येत नाहीत. मंगेश तिच्याजवळ थांबला, खरं तर मोबाइलवर मॅच होती. वर निघालो अण्णा आणि मी. म्हाताऱ्यांना घेऊन जाणार असाल तर खंदकावरच्या पुलापर्यंत रस्ता सोपा आहे. पुढं अंधारी लागते, डोंगर पोखरून केलेली काळीकुट्ट वाट. मोबाइलचा टॉर्च चालतो, पण पायऱ्या उंच आणि निसरड्या आहेत, चपला नकोत. वटवाघळांचा वास मास्कमधूनही येतो. अण्णा माझा हात न धरता चढले. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. अंधारीबाहेर आल्यावर गणपतीच्या देवळाशी ते मटकन बसले आणि मास्क खाली ओढला.

"वैशू, तू तेव्हा तिथंच बसलेली होतीस."

कधी, ते विचारायची गरज नव्हती. "हो."

"मग बोलली का नाय? म्हणायचं होतं, अण्णा, खोटं बोलू नका."

मला राग आला. आठ महिने मी हेच स्वतःला विचारत होते, आणि आता हेही विचारतात! "कारण मलाही नको होते ते," मी म्हणाले. "भीती वाटत होती मला. तुम्ही नको म्हणालात तेव्हा मला बरं वाटलं, अण्णा. काकांचं मला काहीच वाटलं नाही त्या मिनिटाला. काहीच."

बोलून गेले आणि रडायला लागले. शेजारून कॉलेजची पोरं सेल्फी काढत चालली होती, त्यांनी आवाज कमी केला. अण्णांनी थर्मासचं झाकण उघडून मला चहा दिला. "पी," म्हणाले. "तुझा काय दोष? पोटुशी होतीस तू. मी थोरला होतो. सरळ म्हणायचं होतं, नाना, भीती वाटते. त्यानं ऐकलं असतं. मी पाण्याचा बहाणा केला. पाण्याचा! आपल्यात कुणी पाण्याचं खोटं बोलतं का?"

बारादरी वरच होती, शंभरेक पायऱ्या असतील. आम्ही गेलो नाही. तिथून सगळी दरी दिसते, जरूर जा. आम्ही मात्र खाली वळलो.

हौदापाशी जालन्याचं एक कुटुंब उभं होतं. त्यातल्या बाईंनी अण्णांचे पांढरे केस बघून विचारलं, "काका, एवढ्याला पाणी कुठून येत असंल हो?"

विचारलं की सांगायचं, हा अण्णांचा स्वभाव. खापराच्या नळांनी डोंगरातून पाणी कसं आणलं, बादशहा कसा आला, माणसं कशी चालत आली, सगळं रंगून सांगायला लागले. मी मनात म्हटलं, बरं झालं, मोकळे झाले. "आन् मग काका?" बाईंनी विचारलं. अण्णांनी सवयीनं कंबरेवर हात ठेवले. "पाणी नाय म्हणून..." एवढं म्हणाले आणि पुढचं येईना. ओठ हलले. त्या बाई घाबरल्या. "काका, बसा तुम्ही. पानी देऊ का?"

अण्णांनी मान हलवली आणि तिथंच हौदाच्या कठड्याला टेकून खिशातला मोबाइल काढला. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून स्पीकर कायम चालूच असतो.

"सुनंदा, अण्णा बोलतोय."

 "बोला."

"नानाला एक सांगायचं राहिलं होतं. पाणी आलंय म्हणून." त्यांनी मोबाइल तोंडाजवळ धरला. "ते तेव्हाच आलं होतं, सुनंदा. त्या दिवशी टाकी भरून वाहत होती. मी खोटं बोललो."

 मला वाटलं, काकू फोन ठेवणार.

"माहितीये," त्या म्हणाल्या. "तुमची मोटर ऐकू येत होती फोनवर."

अण्णा हौदाकडं बघत राहिले.

"ते हसले फोन ठेवून. म्हणाले, अण्णाला खोटंसुद्धा धड बोलता येत नाय, घाबरलाय, पोरीचं सुखरूप होऊ दे, मग जाऊ. ते हसले, अण्णा. मी नाय हसले. मला राग आला होता. अजून आहे." जरा थांबून त्या म्हणाल्या, "पण त्या रागापेक्षा हा जास्त आहे. आठ महिने फोन करतेय मी. ह्या घरात ते गेल्यावर कुणाशी बोलायचं मी? भिंतींशी?"

"चुकलं," अण्णा म्हणाले. "चुकलं माझं." आणि एप्रिलपासून जे डोळ्यांतून आलं नव्हतं ते आलं. जालन्याच्या बाईंनी आपल्या माणसांना बाजूला नेलं. कोण कुठल्या, पण जाताना पाण्याची बाटली कठड्यावर ठेवून गेल्या. अण्णांनी ती उघडली आणि तोंड लावून प्यायले, न पुसता.

धपाटी आम्ही परतताना गाडीतच खाल्ली, दारं उघडी टाकून. शरणापूर फाट्यावर अण्णा स्वतःच म्हणाले, "मंगेश, एक कट मार." काचेच्या ग्लासात चहा आला. आई बघत राहिली.

तुम्ही विचाराल, काय काय बघितलं? फारसं नाही. अर्धा किल्ला, तोही ओळखीचा. पण आता आम्ही पाहुण्यांची वाट न बघता बाहेर पडतो, डबा घेऊन, जवळच कुठं तरी. लांबच्या सहलींचं वेड आमच्या घरातून गेलं. ज्याला भेटायचंय त्याला वेळेत भेटावं, एवढीच अक्कल आम्हाला आली, आणि ती लई महाग पडली. अण्णा अजूनही मोटरचा आवाज आला की गॅलरीतून आत येतात.

काकू संक्रांतीनंतर आल्या. न विचारता, पाणी कधीये ते न बघता. नेमका सहावा दिवस होता. ड्रम तळाला गेलेले, आई भांडीसुद्धा राखेनं घासत होती. रिक्षा थांबली तसे अण्णा उठले, गच्चीवरून निळा कॅन आणला, त्यात जपून ठेवलेलं पाणी बादलीत ओतलं आणि दारात उभे राहिले. माझ्या डोळ्यांदेखत थोरल्या दिरानं धाकट्या भावजयीच्या पायांवर पाणी घातलं. एक तांब्या, दुसरा, तिसरा. काकू "पुरे, अण्णा, पुरे" म्हणत होत्या. पाणी उंबऱ्याखालून जिन्याकडं वाहत गेलं, आणि जन्मभर "जपून, जपून" म्हणणारी माझी आई एक शब्द बोलली नाही.