नवसाचे पाय

"आ कर. जीभ वर. आता गाल दाव."

जंताची गोळी दिली की आमच्या अंगणवाडीतल्या मदतनीस मावशी एकेका लेकराचं तोंड असं तपासायच्या, जसं काही आत सोनं लपवलंय. तुम्हीही बघितलं असेल, पोरं गोळी गालात धरतात आणि बाहेर जाऊन थुंकतात. मावशींपुढे कुणाचंच चाललं नाही. दारातल्या काळ्या कुत्र्याला जनावरांच्या दवाखान्यातली गोळी भाकरीच्या तुकड्यात द्यायच्या आणि त्याचाही जबडा उघडून बघायच्या!

पण माझं डोकं फिरायचं ते पुढच्या वाक्यानं. "चपला घाल रे मुडद्या, मातीतून जंत पायात शिरतेत!" आणि हे सांगणारी बाई स्वतः अनवाणी! टाचांना भेगा, भेगांत आमच्या मुरुडची अख्खी काळी माती.

"मावशी, आणि तुमच्या चपला?"

"माजं नवसाचं हाय, ताई."

लेक उदगीरला दिलेली, तिला मूल होत नव्हतं. तिचा पाळणा हलेपर्यंत पायात काही घालायचं नाही, माहूरला देवीचं दर्शन करून आल्यावरच चप्पल, असं मावशी बोलून बसलेल्या.

मी त्यांना अक्षरशः ओढत तपासायला नेलं. पोटात जंत, अंगात रक्त नाही, दोन पायऱ्या चढल्या की धाप. डॉक्टर म्हणाले, गोळ्या देतो, पण अनवाणी फिरलात तर परत होतील. झालेच! दोनदा! शेवटी मी निळ्या चपलांचा जोड आणून पुढ्यात आपटला.

"देवीला काय तुम्ही आजारी पडलेल्या पाहिजेत का?"

"तसं न्हाई वो. लेक लई आस लावून बसलीय. ऐन वक्ताला मीच मोडू का?" त्यांनी जोड अंगणवाडीच्या कपाटात ठेवला. "ऱ्हाऊ द्या. घालीन की."

यंदा लेकीला मुलगी झाली. माहूरही झालं. मावशी काम सोडून नातीला सांभाळायला उदगीरला गेल्या. चपला कपाटातच राहिल्या.

परवा मी व्हिडिओ कॉल लावला. पहिलंच बोलले, "पाय दाखवा."

"आवो, बाळाचं वजनच भरंना. ती चालायला लागंपर्यंत..."

"मावशी! आणखी एक नवस?"

त्या हसल्या. हसतानाही धाप लागली. मग त्यांनी फोन खाली फिरवला. मांडीवर नात, अजून नीट बसताही येत नाही, पण पायांत इवल्याशा लाल चपला. आणि त्याखाली, अंगणातल्या मातीत, मावशींचे उघडे पाय.