वाणातला डबा

आमच्या आळीत वाण उलटून बघायची पद्धत नाही. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत रोज कुणाकडे ना कुणाकडे हळदीकुंकू असतं. कपाळाला कुंकू, मनगटाला अत्तर, हातावर तिळगूळ, आणि मग पदर पुढे करून जे मिळेल ते घ्यायचं. चहाची गाळणी असो नाहीतर साबणाची डबी. नको म्हणायचं नाही, परत करायचं नाही, केवढ्याला आणलं विचारायचं नाही. माझं माहेर आणि सासर दोन्ही किहीममध्येच, मधे दोन वाड्या. त्यामुळे ही हळदीकुंकवं मी दोन्हीकडची करते आणि टोमणेही दोन्हीकडचे खाते.

गेल्या वर्षी माझ्या वहिनीने, म्हणजे दादाच्या बायकोने, वाणात पावडरीचा डबा दिला.

त्याची सुरुवात दिवाळीत झाली होती. दादाने नारळाच्या वाडीत पर्यटकांसाठी दोन खोल्या बांधल्या आहेत. तिथे पनवेलची एक बाई उतरली. बोलायला इतकी गोड की मला पहिल्या दिवशीच संशय आला, पण माझा संशय कोण विचारतो! तिने वहिनीच्या हातच्या कोकम आगळाचं कौतुक केलं आणि जाताना एक डबा ठेवून गेली. दुधातून घ्यायची पावडर, अंगात ताकद येते म्हणे. महिनाभरात वहिनीच्या पडवीत खोकी रचली गेली. ती घेतल्याशिवाय मेंबर होता येत नव्हतं. विकून सुटायचं ते किरकोळ. खरी कमाई तुमच्या खाली किती बायका येतात, त्यांच्या खाली किती येतात, त्यावर होती.

मी शाळेत गणित शिकवते. मी म्हटलं, "वहिनी, आपल्या आळीच्या खाली खाली जात राहिलं तर समुद्र लागतो. पुढे कोणाला मेंबर करणार?"

ती हसली नाही. म्हणाली, "मग काकूंना का नाही बोलत? त्यापण कंपनीचाच माल घरोघर विकतात. त्यांनापण कमिशन मिळतं. त्यांनी केला की धंदा, आणि मी केला की फसवणूक?"

काकू म्हणजे आमच्या माहेरच्या शेजारच्या. मला आठवतंय तेव्हापासून त्या एका कंपनीचे प्लॅस्टिकचे डबे विकतात. दुकान नाही, पाटी नाही. माझं लोणचं, दादाचे पोहे, सगळं काकूंच्या डब्यात. वहिनीचा प्रश्न मी तसाच घरी घेऊन आले. दोन्हीकडे कंपनी, दोन्हीकडे ओळखीवर विक्री. आपण उगाच तिच्या पायात पाय घालतोय का, असं वाटायला लागलं. पण घास तोंडात असताना मधेच पडवीतली खोकी डोळ्यांसमोर यायची.

मला भीती पैशाची नव्हती. वहिनीने हाक मारली की आळी येते. कुणाचं बाळंतपण असो, कुणाच्या घरात अबोला असो, पहिलं बोलावणं तिला. ही माणसं तिने वीस वर्षं जोडली. ती सगळी या पावडरीपायी तुटतील, याची मला भीती होती.

वहिनीच्या हळदीकुंकवाला पनवेलची बाई स्वतः आली. सगळ्यांच्या पदरात डबे पडल्यावर उभी राहून म्हणाली, "वाण परत करायचं नसतं ना? संधीही परत करायची नसते." बायका हसल्या. दुसऱ्या दिवसापासून वहिनीचे फोन सुरू झाले. "डबा घेतलास ना? मग आता नावपण नोंदव." वाण घेतलेल्या बाईला तोंडावर नाही कसं म्हणवणार? चार-पाच जणी मेंबर झाल्या. वहिनीच्या समोरच्या घरातली तर इतकी उत्साही की तिने हरिहरेश्वरला दिलेल्या बहिणीलाही ओढलं.

त्यानंतरचे दिवस मी इतरांच्या हळदीकुंकवांना जात होते. अत्तर लावून घेताना माझं लक्ष सारखं कपाटांकडे. प्रत्येक घरात तो डबा होता, काचेमागे नाहीतर फ्रिजवर, आणि एकाचंही सील फोडलेलं नव्हतं. मेंबर झालेल्यांकडे तर ओळीने मांडले होते. घेतले सगळ्यांनी, प्यायलं कुणीच नाही.

घरी येताना वाटेत काकूंच्या ओट्यावर टेकले. तेवढ्यात एक बाई तडकलेलं झाकण घेऊन आली. काकूंनी ते उलटसुलट केलं आणि म्हणाल्या, "ठेव हितं. कंपनी बदलून देते. पुढच्या आठवड्याला ने." एवढंच. तूही विकायला लाग, असं काकू आजवर मला म्हणाल्या नव्हत्या, कुणालाच म्हणाल्या नव्हत्या. मी विचारलं तशा सांगायला लागल्या, "मला काय करायचंय दुसऱ्या बायका घेऊन? डबे लागतात लोकान्ला. न्हाय खपले तर कंपनी परत नेते." मला हवं होतं ते उत्तर तिथे, ओट्यावर, होतं. आळीतली कुणीच काकूंची मेंबर झाली नाही, तरी काकूंचा धंदा चालतो. वहिनीचा एक दिवस चालला नसता.

तशीच उठून वहिनीकडे गेले. ती सुपात तांदूळ निवडत होती. "मला एकच सांग," मी म्हटलं. "जिला मेंबर व्हायचं नाही, अशा एका तरी बाईने तुझ्याकडे दुसरा डबा मागितला का?"

तिचा हात थांबला. मग म्हणाली, "तुला माझं बरं बघवत नाही." आणि सूप घेऊन आत गेली.

पुढे आठ-दहा दिवस आमचं बोलणं नव्हतं. मी शाळेत फळ्यावर चुकत होते. दादाला विचारावं तर तो म्हणे, "तुम्ही बायका बघून घ्या." त्याचं हे नेहमीचंच. शेवटी तीच एका दुपारी माझ्या दारात आली, बसलीही नाही. पनवेलच्या बाईला तिने फोन केला होता, खोकी परत घ्या म्हणून. बाई म्हणाली होती, "परत कशाला? आणखी दोघी आण, त्यांच्यात तुझी निघतील."

"म्हणजे माझी खोकी त्यांच्या गळ्यात," वहिनी म्हणाली. "आणि त्यांची?"

मला बरोबर ठरल्याचा आनंद वगैरे काही झाला नाही, रडूच आलं.

मग वहिनीने जे केलं ते आमच्या आळीत कुणी कधी केलं नव्हतं. घरोघर जाऊन तिने वाण परत मागितलं. बरोबर मी होते. कुणी डबा हसत दिला, कुणी "अगो, राहू दे की" म्हणत, एकीने तर दार अर्धंच उघडून हात बाहेर काढला. मेंबर झालेल्यांचे पैसे तिने फेडले. कसे, ते तिने मला अजून सांगितलेलं नाही. समोरच्या घरी मात्र दार उघडलं नाही. तिची बहीण हरिहरेश्वरला खोक्यांवर बसून होती, तिच्या खाली आणखी कुणी, त्यांच्या खाली आणखी कुणी. तिथपर्यंत वहिनीचे पाय कुठे पोचणार?

यंदा ती हळदीकुंकू करायलाच तयार नव्हती. मीच मागे लागले. वाणाला साध्या स्टीलच्या वाट्या आणल्या. बायका आल्या, समोरची सोडून जवळजवळ सगळ्या. मला जरा हायसं वाटलं. मी तिळगूळ देत होते, वहिनी वाण.

पहिलीने पदरात वाटी घेतली आणि बोलता बोलता ती उलटी करून बघितली. दुसरीनेही बघितली. तिसरी काकूंची सून, तिनेही. बुडाला कुठल्या कंपनीचं नाव तर नाही ना, ते. माझा हात तिळगुळाच्या डब्यातच राहिला.

चौथी पुढे आली तेव्हा वहिनीने वाटी स्वतःच उलटी करून तिला दाखवली, आणि मग सुलटी करून तिच्या पदरात घातली.