नऊ थरांची शेगडी

वैशाखऱ्याच्या फाट्यावर मी आणि आई पुण्याच्या एसटीची वाट बघत होतो, तेव्हा बाबा फार्महाऊसवरून तसाच धावत आला. रविवारची दुपार होती, पाहुण्यांचं जेवण चालू होतं, म्हणून त्याला उशीर झाला. शर्टाला मसाल्याचा आणि धुराचा वास, हात मनगटापर्यंत कोळशाने काळे. गाडी आली. बॅग उचलायला त्याने हात पुढे केला आणि लगेच मागे घेतला.

"तूच घे गो बाय. नवी हाय, काळी होईल."

मी खिडकीतून पाहिलं तेव्हा तो दोन्ही हात पाठीमागे धरून उभा होता. आमच्या घरातून कॉलेजला जाणारी मी पहिली. त्या दिवशी अभिमान वाटायला हवा होता, पण माझं लक्ष त्या हातांकडेच राहिलं.

हे मी गावात राहिलेल्यांसाठी लिहितेय, आणि माझ्यासारखे घाट चढून गेलेल्यांसाठीही. नीट जमेल की नाही, माहीत नाही.

बाबा मुंबईच्या एका कुटुंबाचं फार्महाऊस सांभाळतो. झाडांना पाणी, पंप, कुंपण. शनिवार-रविवारी पाहुणे आले की बार्बेक्यू. कोळशाचे दोन तुकडे एकमेकांवर आपटून तो बघतो. खणखणला तर चांगला, भद्द वाजला तर ओला. मालक माणसं चांगली आहेत, त्याचं ताट आठवणीने बाजूला काढतात. तो ते डब्यात भरून घरी आणायचा. लहानपणी आम्ही ते गार तुकडे आवडीने खायचो. निखाऱ्यावरून उतरलेलं गरम काही बाबाने स्वतः खाल्लेलं मात्र मी कधी पाहिलं नव्हतं.

मी सिव्हिल इंजिनिअरिंगला आहे. दुसऱ्या वर्षी ड्रॉइंगला विषय आला, बंगल्याच्या मागच्या अंगणातली कोळशाची शेगडी. वर्गातल्या बाकीच्यांनी मोबाइलवर फोटो शोधले. मला शोधावं लागलं नाही. मी मनातली शेगडी काढली. तीन फूट उंच ओटा, बाजूला काळा ग्रॅनाइट, एका बाजूला कोळसा दाट आणि दुसरीकडे विरळ, म्हणजे एकीकडे भाजायचं आणि दुसरीकडे नुसतं गरम ठेवायचं. खाली राख ओढायचा ट्रे, हवेला झरोके, कोळशाचा कप्पा, चिमटे अडकवायला हुक, वर कौलांची उतरती छपरी. सरांनी शीट वर धरून वर्गाला दाखवली. हॉस्टेलवर येऊन मी ठरवलं की ही आपल्या परसात बांधायची. बाबाला एकदा तरी बसून, गरम गरम खायला घालायचं. एवढंच हवं होतं मला.

परीक्षा संपल्यावर घरी गेले. ग्रॅनाइट आणि छपरी कागदावरच राहिली. घराच्या कामातून उरलेल्या विटा होत्या, जाळी मुरबाडच्या वेल्डिंगवाल्याकडून करून आणली. मी सिमेंट आणायला निघाले तर बाबा म्हणाला, "मातीत लाव. चुकलं तर सुटतं." मला थोडा राग आला. चुकायला काय झालं, शीटवर सरांची सही होती. पण त्याचं ऐकलं. दोन दिवसांत नऊ थर उभे केले. ओळंबा बाबाने धरला.

शेजारून काकी येऊन बघून गेली. "काय गो, दुकान टाकतेस? मंग गल्ला कुठं ठेवशील?"

"काकी, तुला उधारी नाय," मी म्हटलं.

रविवारी बाबाने सुट्टी घेतली. पहिल्यांदाच मागितली असावी. काका-काकी आले. गावठी कोंबडी, सुरणाचे काप, शेतातल्या वालाच्या शेंगा. कोळसा पेटला आणि काय झालं ते मला नीट सांगता येईल का बघते. कुणी न सांगता बाबा शेगडीच्या मागे जाऊन उभा राहिला. पुठ्ठ्याने वारा घालू लागला. आम्ही समोर चटईवर. तो एकेक तुकडा उतरवून वाढत होता.

मग काकाला म्हणाला, "लेग देऊ की ब्रेस्ट?"

काका हसला. "आमी काय गेस्ट हाव का रे? दे काय पण!"

बाबाही हसला. "सवय लागली." आणि पुन्हा वारा घालू लागला.

सगळे हसले, मीही. मग मी ताट खाली ठेवलं.

"बाबा, बस ना आता."

"तुमी खा. मी खातो मागून."

"नाय, आत्ता बस."

माझ्यासाठी तो खाली उकिडवा बसला. शेगडीच्या मागे तो दिसेनासा झाला. विटांच्या पलीकडून आवाज आला, "बसलो. पण गो, जळलं तर दिसंल कसं?" काकी पोट धरून हसली. तेवढ्यात सुरण करपल्याचा वास आला आणि तो उठून उभा राहिला. शेवटी तो जेवला तेव्हा निखारे विझले होते.

मी फार्महाऊसचीच शेगडी काढली होती. तीन फूट उंची उभ्या माणसाची. तिथे बसणारे वेगळे, उभा राहणारा वेगळा. आमच्या घरी विस्तवाभोवती सगळे बसतात, आई तर उभं राहून काही रांधतच नाही. हे मला माहीत होतं. शीटवर मात्र मी ते कुठेच मांडलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वरून विटा काढायला घेतल्या. माती सुटत गेली. बाबा दारात दात घासत उभा होता. तो तोंड धुऊन आला आणि विटा झाडून रचू लागला. चार थर ठेवून त्यांवर जाळी बसवली. उरलेल्या विटांचं काय करायचं, तर आई म्हणाली, "भोवती मांडा की. बसायला व्हतील."

पुण्याला निघायच्या दिवशी दुपारी पुन्हा कोळसा पेटवला. आम्ही तिघंच. आईने बोंबील ठेवले, मी शेंगा. ज्याच्यासमोर जे, ते त्याने उलटवायचं. बाबाने एक बोंबील बोटांनीच उचलला, "हाऽऽ" करत या हातातून त्या हातात घेतला आणि फुंकर मारून खाल्ला. "मीठ कमी हाय," म्हणाला. मग दुसरा उचलला. आईने त्याच्यापुढे तिसरा सरकवला.

आता कुठलंही ड्रॉइंग करायला घेतलं की मी आधी पेन्सिलने एक बसलेला माणूस काढते. सर विचारतात, हा कशाला? मी म्हणते, उंची कळते. घर म्हणजे काय, असं मला कुणी विचारलं तर बहुधा मी तेच चित्र पुढे करीन. जास्त सांगता येणार नाही.

त्या दिवशी आम्हाला उशीर झाला. फाट्यावर पोहोचलो तेव्हा गाडी लागली होती. बाबाने हात धुतले नव्हते. त्याने बॅग उचलली आणि वर चढवली.