दोन अन्नपूर्णा, एक सुपारी

घर चाकांवर घेऊन हिंडा, मला काही म्हणायचं नाही. आम्ही हिंडलोच की. पण निघायच्या आधी देव कुठं ठेवायचे आणि परत आल्यावर ते ओळखायचे कसे, एवढं ठरवून निघा. मी पहिलं ठरवलं होतं, दुसरं डोक्यातच आलं नाही. म्हणून हे लिहायला बसले.

आमच्या यांनी आयुष्यभर बस चालवली. निवृत्त झाल्यावर माणसं सकाळी बागेत चकरा मारतात, यांनी एक जुनी मिनीबस विकत घेतली. अमरावतीतच एका वेल्डिंगवाल्याकडून तिच्यात पलंग, ओटा, पाण्याची टाकी, पडद्याआड संडास, सगळं बसवून घेतलं. नातू तिला मोटारहोम म्हणतो, गल्लीतल्या बाया चाकावरचं घर म्हणतात, हे नुसतं गाडी म्हणतात. दिवाळी झाली तसे आम्ही निघालो ते होळीच्या तोंडावर परतलो. सेमाडोहच्या जंगलातून वर मध्य प्रदेश, मग राजस्थान, मग कच्छ, आणि येताना धुळ्याकडून खाली. काय काय पाहिलं ते आल्यागेल्याला इतक्या वेळा सांगितलं की आता माझं मलाच खरं वाटत नाही. ते राहू द्या. देवांचं सांगते.

हिवाळाभर घराला कुलूप म्हटल्यावर देवांची पूजा कोण करणार? आमच्याकडं बंद घरात देव ठेवत नाहीत, भाऊबंदांत कुणाच्या तरी घरी पाहुणे म्हणून पाठवतात. माझी धाकटी जाऊ अकोल्याला राहते. दीर जाऊन बरीच वर्षं झाली, लेक सासरी नांदते, जाऊ एकटीच असते. निघायच्या आधी माझे देव मी डब्यात घालून तिच्याकडं नेऊन दिले. गाडीत पूजेला एक सुपारी घेतली. स्टेअरिंगच्या पुढं वाटी, वाटीत मूठभर तांदूळ, तांदळात सुपारीचा गणपती. खड्डा आला की तांदूळ उडायचे, सुपारी मात्र जागची हलायची नाही.

आता माझ्या देवांत जीव अडकावा अशी एकच मूर्ती, अन्नपूर्णा. लग्नात मुलीला माहेराहून अन्नपूर्णा देतात, ती सासरच्या देव्हाऱ्यात बसते. माझी आईनं अंजनगावच्या बाजारातून घेतली होती. मी सोबत होते. आईनं दुकानात एकेक हातात धरून पाहिली, खाली ठेवली, पुन्हा उचलली, आणि शेवटी पहिलीच घेतली. पितळेची, बोटाएवढी, मांडीवर आडवी पळी धरलेली. आई गेली, माहेरचं घर गेलं, आईच्या हातची माझ्याकडं एवढी एकच वस्तू उरली. रोज तिला न्हाऊ घालताना माझा अंगठा बरोबर त्या पळीवर यायचा. देव घासूपुसू नये, नाकडोळे झिजतात, असं सासूबाई म्हणायच्या, म्हणून मी कधी घासली नाही. साडीच्या चुण्यांत, पळीच्या खाचेत ती काळी पडली होती. तीच माझी ओळखीची खूण.

परत येताना वाटेत अकोला आधी लागतं. हे म्हणाले, "देव घेऊनच जाऊ. घरात पहिले देव जाऊ दे, मंग आपण."

जाऊ दारातच उभी होती. "उन्हानं पार काळ्या पडल्या वो बाई तुमी तं," म्हणाली. "अन् भाऊजी कसे पांढरे झाले."

"त्या गाडीत एकच आरसा होता, तो मागची वाट पाहायचा," मी म्हटलं. "काळं झालेलं समजन कसं?"

हातपाय धुऊन देव्हाऱ्यापुढं गेले आणि उभीच राहिले. सगळं पितळ लखलखत होतं. माझा बाळकृष्ण ओळखू आला, त्याचा गुडघा आधीपासून चेपलेला आहे. पण एकाच वाटीत, एकाच तांदळात, दोन अन्नपूर्णा खांद्याला खांदा लावून बसलेल्या. दोघी सोन्यासारख्या पिवळ्या.

"अवं, हे काय केलं?"

"काय केलं म्हणजे? तुमची एकटी कोपऱ्यात बसली होती, बरं नाई दिसे. म्हटलं बस माय हिच्यापाशी."

"अन् चमकवल्या कायनं?"

"चिंच अन् राख. दर सोमवारी. तुमची तं तव्यासारखी काळी होती बाई, मले पाहवे ना."

"मंग आता माही कोनती?"

"ही काय," म्हणून तिनं एक उचलली. मग खाली ठेवून दुसरी उचलली. "थांबा वो. ही. नाई, पहिलीच." तिचं तोंड उतरलं. तिची अन्नपूर्णा मूर्तिजापूरची, तिच्या आजीनं दिलेली. म्हणजे गोंधळ माझा एकटीचा नव्हता.

हे मागं चहाचा कप धरून उभे. "घेऊन टाक कोनतीबी. दोघी अन्नपूर्णाच तं आहेत."

"उद्या तुमच्या गाडीसारखी दुसरी गाडी बाजूले उभी केली, तं घेसान कोनतीबी?"

"गाडी मी आवाजावरून ओळखतो."

"ह्या बोलत नाईत. म्या काय करू?"

जाऊ हसली, पण हसण्यात जोर नव्हता. शेवटी मीच डावीकडची घेतली. काहून डावीकडची, ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं. डब्याचं झाकण लावेपर्यंत जाऊ तिच्याकडं पाहत होती.

अमरावतीला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. किल्ली शेजारणीकडं होती, ती भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन आमच्याच दारात उभी. लांबून आलेल्या माणसावरून भाकर-तुकडा ओवाळून टाकायचा असतो, पण तो घरातल्या माणसानं. आमच्या घरातली दोन्ही माणसं तर बाहेरच उभी होती. "मी आतून ओवाळू का बाहेरून?" ती म्हणाली. "अन् कोनावरून? देवांवरून का तुमच्यावरून?" मलाही ठरवता येईना. शेवटी तिनं आमच्यावरून, डब्यावरून, आणि राहू नये म्हणून गाडीवरूनही तुकडा ओवाळला.

घरात पाय टाकला आणि मला घर सापडेना. हसू नका. दिव्याचं बटण मी चुलीच्या डोक्यावर शोधत होते, कारण गाडीत ते तिथं होतं. नळ सोडला की हात आपोआप लगेच बंद करायचा, टाकी संपेल म्हणून. एक पेलाभर पाण्यात मी ताट, वाटी आणि चमचा धुतला, आणि शेजारीण म्हणाली, "बाई, पाणी येऊन राहिलं नं नळाले, मंग काहून असं?" स्वयंपाकघरातून बैठकीत जायला इतकी पावलं लागतात, हे मला चाळीस वर्षं कधी जाणवलं नव्हतं. गाडीत हात लांब केला की हे सापडायचे. इथं हाका मारायला लागल्या. आणि हाक मारली तर घरात नसायचेच. जेवण झालं की हे कडुनिंबाखाली लावलेल्या गाडीत जाऊन पडायचे. म्हणे घरातला पलंग फार रुंद आहे, माणूस हरवते त्याच्यात.

दुसऱ्या दिवशी देव मांडले. अन्नपूर्णेला न्हाऊ घालायला घेतलं, आणि अंगठा पळीवर आलाच नाही. किंचित खाली घसरला. पुन्हा धरली, पुन्हा तसंच. म्हटलं, झालं, ही जावेची.

पण मग पोळ्या करायला बसले तर तवाही परका वाटला. लाटणं जाड वाटलं. खिडकीतलं आभाळ रोज तेच दिसतं, त्याचाही राग आला. सगळ्याच वस्तूंवर हात असा घसरत होता. मग अन्नपूर्णा दुसऱ्याची होती, का हात दुसऱ्याचा झाला होता? हिवाळाभर या अंगठ्यानं एका सुपारीलाच तर न्हाऊ घातलं. त्याला पळी आठवावी तरी कशी?

यांना सांगितलं तर म्हणाले, "आठ दिवस जाऊ दे. मले बी ब्रेक सापडत नाई घरात." ते गंमत करत होते. पण खुर्चीतून उठताना त्यांचा उजवा पाय खरंच पुढं दाबला जायचा.

दिवस गेले, अंगठा काही बसला नाही. रोज पूजेला बसायचे आणि आईची मूर्ती अकोल्याला राहिली या विचारानं उठायचे. आईनं दुकानात इतक्या बारकाईनं निवडली होती, आणि मी डावीकडची म्हणून उचलून आणली. एका सकाळी जावेला फोन लावला. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "बाई, खरं सांगू? माह्याजवळची माही वाटत नाई मले. तिच्या पुढं बसली का असं वाटते का जेठानीच्या पुढं बसली, पाठ सरळ होते."

"येऊन जा मंग. तुही घेऊन ये."

ती दुपारच्या बसनं आली. पदराच्या गाठीत तांदूळ, तांदळात अन्नपूर्णा. बसमध्ये तिला जागा नव्हती म्हणे, गर्दीत मूर्ती दाबेल म्हणून बडनेऱ्यापर्यंत पदर वर धरून उभी होती. दोघींना पाटावर ठेवलं. चष्मे लावून पाहिलं, चष्मे काढून पाहिलं. लग्न होईपर्यंत आई माझी अन्नपूर्णा तांदळात नाही, ज्वारीत बसवायची, ते आठवलं. म्हटलं ज्वारीत बसवून पाहू, जी नीट बसेल ती माझी. दोघींना बसवलं. दोघी वाकड्या झाल्या.

"ज्वारी कोनालेच सोसे ना," जाऊ म्हणाली. "शहरात राहून राहून अशाच होतात."

मग मी डोळे मिटले आणि ती माझ्या हातात एकेक देत गेली. मी म्हटलं, "ही." तिनं पुन्हा उलटसुलट करून दिल्या. मी म्हटलं, "ही." डोळे उघडले तर ती तोंडावर पदर घेऊन हसत होती. दोन्ही वेळा वेगळी निवडली होती. मग तिनं डोळे मिटले. तिचंही तेच झालं. आता हसायची पाळी माझी होती, पण माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

रात्री ती राहिली. सकाळी मी चहा ठेवत होते तोवर तिनं माझ्या देव्हाऱ्याची पूजा सुरूही केली. हिवाळाभराची सवय, तिच्या हाताला माझे देव पाठ झाले होते. बाळकृष्णाचा चेपलेला गुडघा खालून बोट लावून कसा धरायचा हे तिला कळत होतं. दोघी अन्नपूर्णांना तिनं एकाच वाटीत बसवलं, दोघींना हळद, दोघींना कुंकू. मी दारात उभी राहून पाहत होते. हे घर माझं, देव माझे, आणि पाहुणी मीच, असं काहीतरी वाटून गेलं. वाईट वाटलं का बरं वाटलं, ते अजूनही सांगता येत नाही.

"बाई," ती मागं न पाहता म्हणाली, "दोघी इथंच राहू द्या."

"अन् तू?"

"एकीकडं दोघी असल्या म्हणजे चूक होतच नाई. तुमची माय त्याच्यात आहेच. माही आजी बी आहे. दिवाळी झाली का तुमी जासान गाडी घेऊन, तवा दोघी माह्याकडं धाडून द्या."

मनातल्या मनात मी तेच तेच घोकत राहिले. माझी त्या दोघींत आहे. म्हणजे घरात आहे. कोणती ते न का कळेना, पण आहे.

"पण तुह्या देव्हाऱ्यात अन्नपूर्णेची जागा रिकामी राहीन."

हे दारातून ऐकत होते, ते गाडीतून ती वाटी घेऊन आले. आम्ही परतलो तरी सुपारी अजून गाडीतच होती. तिचं विसर्जन करावं, का ठेवावं, हे मला ठरवता येत नव्हतं. जावेनं सुपारी हातात घेतली. कुंकवानं लाल होऊन होऊन तिचा मूळ रंग राहिला नव्हता.

"हे कोन वो?"

"हा आमच्यासंग हिंडला. कच्छपर्यंत."

"मंग मले द्या. यानं दुनिया पाह्यली, माह्यासंग बोलन तरी थोडं."

बसथांब्यावर यांनीच तिला गाडीतून सोडलं, मी मागं बसले. ती पुढच्या सीटवर बसली, वाटी मांडीवर. स्टेअरिंगकडं पाहून म्हणाली, "भाऊजी, पुढच्या हिवाळ्यात मले बी न्या एखाद्या गावापर्यंत." हे म्हणाले, "देव कोनाकडं ठेवायचे मंग?"

आता घरातलं बटण मला सापडतं. नळ पूर्ण सोडते. हे अजून दुपारी गाडीतच झोपतात, झोपू देते. परवा जावेला फोन केला आणि सुपारी कशी आहे विचारलं. "मजेत आहे," म्हणाली, "अकोल्याचं ऊन लागून राहिलं त्याले."

रोज सकाळी वाटीतल्या दोघींना न्हाऊ घालते. कधी एकीच्या पळीवर अंगठा नीट बसतो, म्हणते हीच आईची. दुसऱ्या दिवशी तो दुसरीच्या पळीवर बसतो. म्हणून दोघींना कुंकू लावते, दोघींपुढं हात जोडते. आधी कोणाला लावायचं, एवढंच रोज चुकतं. चुकतं का नाही, तेही कळत नाही.