मंगलच्या औषधाचा परत आलेला अर्ज

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. आणि तिच्यापासून मला साधी दाढदुखी लपवता येत नाही! तुम्हाला सांगतोय. जमेल तसं.

नव्वदच्या दशकात मी बारामतीत कामगार विम्याच्या सरकारी दवाखान्यात कारकून होतो. यादीबाहेरचं औषध लागलं की पुण्याहून आधी मंजुरी घ्यावी लागे. लासुर्ण्याचा सुदाम एमआयडीसीत कामाला होता. त्याच्या बारा वर्षांच्या मंगलला फिट यायच्या. जुन्या गोळ्या लागू पडेनात म्हणून डॉक्टरांनी नवं औषध लिहिलं — यादीबाहेरचं.

आमच्याकडे अख्खं कुटुंब कामगाराच्याच नावानं ओळखलं जाई. त्या सवयीनं मी रुग्णाच्या जागी सुदामचं नाव लिहिलं. वय मात्र बारा. पुण्यानं शेरा मारून अर्ज परत पाठवला.

नवा अर्ज म्हणजे डॉक्टरांची नवी सही. आणि आणखी एक चूक झाली तर घरी बसवीन, असं ते आदल्याच आठवड्यात बोलले होते. माझी नोकरी कच्ची होती. मी अर्ज खालच्या खणात सारला. उद्या सांगू — असं रोज.

सुदाम दर गुरुवारी, सुट्टीच्या दिवशी यायचा. मी मान वर न करता म्हणायचो, पुण्याहून अजून काही आलं नाही. पाच गुरुवार. सहाव्या गुरुवारी तो आला नाही — आणि मला बरं वाटलं. हो, बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी कळलं. भाकरी थापताना मंगलला फिट आली, ती चुलीवर पडली. उजवा हात भाजला.

तेव्हा मी नवा अर्ज भरला. पुण्यानं कागद हरवला, असं डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी पुण्याला शिव्या दिल्या आणि सही केली. दोन मिनिटं लागली असतील. आठ दिवसांत मंजुरी आली. इतकंच होतं ते?

दुसऱ्या महिन्याचं औषध न्यायला सुदाम मंगलला घेऊन आला. तिच्या उजव्या हाताची बोटं एकमेकांना चिकटली होती. बापानं सांगितलं तसं तिनं तो हात डाव्याला जोडून मला जयभीम केला.

"तुमी लई खटपट केली, सायेब," सुदाम म्हणाला. "पुण्याच्या लोकान्ला गरिबाचं काय पडलंय?"

मी म्हणालो, "खरंय. तिकडची माणसं तशीच."